उजनीतलं मायक्रोप्लास्टिक मोजायचं तर आधी गाळात हात घाला

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: "एमएस्सीच्या मुलांना उजनी जलाशयातलं आणि हिप्परगा तलावातलं मायक्रोप्लास्टिक मोजायचं आहे. प्रत्येक ठिकाणचं दोन लिटर पाणी गाळायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे, एवढं पुरेल का? माझा भाऊ गावच्या तलावातला गाळ शेतात टाकतो, त्याला काय सांगू? आणि नळाचं पाणी प्यायचं की जारचं?"

मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरहून बारीक प्लास्टिकचे तुकडे आणि धागे. मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: नाही पुरणार. दोन लिटर पाण्यात जे चार-सहा धागे सापडतील, त्यातले बरेचसे तुमच्याच प्रयोगशाळेच्या हवेतून पडलेले असतील. पाणी मोजायचंच असेल तर पंप लावून काहीशे लिटर पाणी स्टीलच्या चाळणीतून जाऊ द्या. शिवाय बारीक धाग्यांसाठी वीस-पंचवीस लिटर पाणी वेगळं उचलून बारीक गाळणीतून गाळा. जाळी ओढून नमुने घेणारे सहसा ३०० ते ३३३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळी वापरतात. कपड्याचा धागा दहा-वीस मायक्रॉन जाडीचा असतो, तो उभा झाला की त्या जाळीतून आरामात निसटतो. पण माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी पाण्याच्या मागे फार लागू नका. गाळ घ्या. का, ते सांगतो.

उजनी हे साधं तळं नाही. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी दरवाजांच्या पातळीखाली. धरण "मायनसमध्ये" गेलं असं आपण उन्हाळ्यात म्हणतो, तेव्हाही आत प्रचंड पाणी उभं असतं. पावसाळ्यात पूर येतो, वरचं पाणी दरवाजांतून भीमेत जातं, पण तळाशी जे बसलं ते बसलंच. आणि येणारं पाणी कुठलं? पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा एकत्र होऊन भीमेत येतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं, उजनीच्या वरच आहे. नीरा मात्र नरसिंगपूरला, धरणाच्या खाली मिळते. अहवाल लिहिताना मुलं हमखास नीरेचं खोरंही उजनीच्या पाणलोटात घालतात. तेवढं तपासून घ्या.

सांडपाण्यातून येतं ते मुख्यतः कपड्यांचं. २०१६ मध्ये नॅपर आणि थॉम्प्सन या ब्रिटिश संशोधकांनी घरगुती वॉशिंग मशीनवर प्रयोग केले. त्यांच्या हिशोबाने सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांहून जास्त धागे सुटतात, पॉलिस्टरच्या धुण्यात सुमारे पाच लाख, आणि पॉलिस्टर-कॉटन मिश्रणातून त्याहून बरेच कमी. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चाललं तर यातला मोठा भाग तिथल्याच गाळात अडकतो. नीट चाललं तर.

हे सगळं वाहत आलं की पुढे काय होतं ते घनतेवर ठरतं. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं, ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान. नायलॉन १.१४, पॉलिस्टर म्हणजेच पाण्याच्या बाटलीचं पेट १.३८, पीव्हीसीही साधारण त्याच घरात. जड माल नदीचा वेग मंदावला की जलाशयाच्या तोंडाशी, भिगवणच्या वरच्या अंगाला, बसायला लागतो. हलका माल तरंगतो खरा, पण कायमचा नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार होतं, ते शेवाळ प्रत्येक तुकड्यावर थर धरतं, तुकडा जड होतो आणि तोही खाली जातो. म्हणून पाण्याचा नमुना त्या आठवड्याचं सांगतो: वारा कुठून होता, पाऊस कधी झाला. गाळ अनेक वर्षांचं सांगतो. मुलांकडे दोन वर्षं आणि तुटपुंजा निधी असताना मी तरी गाळच निवडेन.

जागा निवडताना तीन वेगळी पाणी घ्या. एक उजनी, जिच्या वर मोठी शहरं आहेत. दुसरा हिप्परगा, म्हणजे एकरूख तलाव. अदिला नदीवर एकोणिसाव्या शतकात बांधलेला, आणि त्याचं पाणलोट बहुतांश शेतीचं. तिसरा शहरातला संभाजी तलाव, आपला कंबर तलाव, ज्याच्या काठावर वस्ती येऊन टेकली आहे. या तिघांची तुलना झाली तर तुमच्या मुलांच्या कामाला अर्थ येईल. नुसत्या उजनीचा एक आकडा काढून काही कळत नाही.

उजनीत निदान तीन टापू हवेत: तोंडाकडचा, मधला आणि धरणाच्या भिंतीजवळचा. पाणी उतरल्यावर पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, त्या सुमारास मधल्या टापूतला तळ चालत जाऊन गाठता येतो. पण उघडा पडलेला सगळा तळ कामाचा नाही. जिथे गाळपेर, म्हणजे उघड्या तळावरची पेरणी, झाली, तिथे नांगराने वरखाली केलेलं असतं. जिथे मंदिर बघायला लोक येतात, तिथे वेफर्सच्या पाकिटांचा नमुना मिळेल, जलाशयाचा नाही. भेगा पडलेली जमीन टाळा, कारण वरचा कचरा भेगेतून फूटभर खाली जातो. पाण्याच्या कडेची, अजून ओली, पाय न पडलेली जागा बघा आणि स्टीलच्या डावाने वरचे पाच सेंटिमीटर उचला. पाण्याखालचा गाळ हवा असेल तर होडीतून एकमन ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात पकडून उचलणारं साधन, सोडा. प्रत्येक ठिकाणी तीन नमुने वेगवेगळे ठेवा, एकत्र कालवू नका; एकाच जागेच्या तीन नमुन्यांत किती फरक पडतो तेच पहिल्यांदा बघायचं असतं. भरायला काचेच्या बरण्या आणि झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. प्लास्टिकच्या पिशवीत आणलेला गाळ दारातूनच परत पाठवा.

आता खरी मेख. बाहेरच्या बहुतेक पद्धती वाळूसाठी बसवलेल्या आहेत. समुद्रकिनाऱ्याची वाळू मिठाच्या संपृक्त द्रावणात टाकली की वाळू खाली, प्लास्टिक वर, काम झालं. आपला गाळ म्हणजे काळी माती. ती फुगते, चिकटते, आणि मिठाच्या पाण्यात गेली की तिचे गुठळे होऊन भराभर खाली बसतात. त्या गुठळ्यांत धागे अडकून तळाला जातात आणि वर निवळ पाणी बघून मुलं खूश होतात की गाळात काहीच नाही. म्हणून मीठ सगळ्यात शेवटी. आधी गाळ ५०-६० अंशांवर सुकवून वजन करा, त्याहून जास्त तापवू नका. मग सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून माती मोकळी करा. मातीपरीक्षणवाले हेच वापरतात, त्यामुळे कृषी महाविद्यालयात सहज मिळेल. मग ५ मिलिमीटरच्या आणि त्याखाली ५० मायक्रॉनच्या स्टीलच्या चाळणीवर धुऊन काढा. चिकणमाती खालून निघून जाते आणि वर मूठभर ऐवज उरतो: काडीकचरा, शिंपल्यांचे तुकडे, चुनखडीचे खडे आणि आपल्याला हवा असलेला माल.

काडीकचरा जाळायला ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाचं थोडं द्रावण. इथे सांभाळून. काळ्या मातीतलं मँगनीज पेरॉक्साइडला भडकवतं. एकदम ओतलंत तर फेस चंचुपात्राबाहेर येऊन टेबलावर पसरतो आणि नमुना गेला. भांडं बर्फात ठेवा, थेंबाथेंबाने सोडा, तापमान ६० च्या पुढे जाऊ देऊ नका.

मग घनतेने वेगळं करायचं. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता १.२. त्यात पॉलिथिन, नायलॉन तरंगेल, पॉलिस्टर १.३८ चं, ते तळालाच राहणार. म्हणजे कपड्यांचे धागे शोधायला निघालात आणि नेमके तेच टाकून आलात. झिंक क्लोराइड १.५ च्या वर नेता येतं, पण ते त्वचेला आणि पाण्याला घातक आहे. हातमोजे घाला, गाळून पुन्हा पुन्हा वापरा, बेसिनमध्ये ओतू नका. मायक्रोप्लास्टिक शोधायच्या नादात कंबर तलावात जस्त सोडलं तर काय मिळवलं? सोडियम आयोडाइड सोपं पण महाग. कोणतंही वापरा, आधी बारीक गाळणीतून गाळून घ्या. बाजारच्या मिठातही प्लास्टिक असतं, हे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय समुद्री मिठावर दाखवलं आहे.

आणि आता सोलापूरचा खास प्रश्न, ज्यासाठी मी इतकं लांबण लावलं: कापूस.

या शहरात चादर आणि टॉवेल विणले जातात. पूर्व भागात यंत्रमागाची खडखड असते तिथे कौलांवर, तारांवर, झाडांच्या पानांवर सुताची लव बसलेली दिसते. ती लव पावसाने गटारात आणि गटारातून ओढ्यात, तलावात जाते. रंगीत असते, लांब असते, पेरॉक्साइडने शेवाळ जातं तसा कापूस जात नाही. गाळणकागदावर निळा, लाल, हिरवा धागा दिसला की मुलं "मायक्रोप्लास्टिक" म्हणून खूण करतात. पण तो रंगवलेला कापूस असेल तर ते प्लास्टिक नव्हेच.

सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघा. कच्चा कापसाचा धागा चपट्या फितीसारखा असतो आणि थोड्या थोड्या अंतरावर पीळ घेतो. जाडी एकसारखी नसते, टोक विसविशीत. पॉलिस्टरचा धागा काचेच्या कांडीसारखा सरळ, टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा, कापलेल्या जागी टोक स्वच्छ. मच्छीमारांच्या नायलॉन जाळीचा तंतू याहून बराच जाड आणि बहुतेक वेळा बिनरंगी, तो एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही. पण फितीच्या पिळावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. मर्सराइज केलेल्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याने चमक आणलेल्या, सुताचा पीळ सुटतो, धागा गोल आणि चकचकीत होतो, आणि पॉलिस्टरसारखा दिसतो. दुसरीकडे सोलापूर आता शाळेच्या गणवेशांसाठीही ओळखलं जातं, आणि गणवेशाच्या कापडात पॉलिस्टरबरोबर व्हिस्कोस असतं. व्हिस्कोस दिसायला कृत्रिम, रसायनाने कापसासारखंच सेल्युलोज. त्याचा रकाना वेगळा ठेवा. प्लास्टिकमध्येही घालू नका, वगळूही नका.

तापवलेली सुई टेकवून बघणं हा जुना उपाय आहे. प्लास्टिक वितळून आकसतं, कापूस करपतो. मोठ्या धाग्यांवर चालतं, शंभर मायक्रॉनच्या खाली हात थरथरतो. शेवटी एफटीआयआरला, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश कसा शोषला जातो त्यावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. पॉलिस्टरचा आलेख १७१५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास एस्टरचं टोकदार शिखर दाखवतो. सेल्युलोजचा ३३०० च्या भोवती पसरट आणि हजाराच्या वर दाट असतो. रसायनशास्त्राच्या मुलांना हे नवं नाही. साधं यंत्र असेल तर अर्धा मिलिमीटरवरचे तुकडे एकेक करून होतील, त्याहून बारीक धाग्यांसाठी सूक्ष्मदर्शक जोडलेलं यंत्र लागेल. गडद रंगाच्या धाग्यावर रामन, म्हणजे लेसरने पदार्थ ओळखणारं यंत्र, अडखळतो, रंगच चमकून सगळं झाकून टाकतो. सोलापूरच्या नमुन्यांना म्हणूनच एफटीआयआर बरं. सगळे कण तपासणं परवडत नसेल तर प्रत्येक नमुन्यातला ठरावीक हिस्सा चिठ्ठ्या टाकून निवडा. "जो संशयास्पद वाटला तो तपासला" असं लिहिलंत तर परीक्षक पहिल्याच पानावर पकडेल, आणि बरोबर पकडेल.

याच कारणाने कोऱ्या चाचण्या. गाळाऐवजी नुसतं गाळलेलं पाणी घेऊन भिजवण्यापासून मोजण्यापर्यंत सगळी पद्धत तशीच करायची, प्रत्येक खेपेला. होडीवर बरणीभर पाणी उघडं ठेवून तीही परत आणायची. कोऱ्या चाचणीत सहा धागे आणि नमुन्यात आठ, तर तुम्हाला काहीही सापडलेलं नाही. मुलांना एकाच उठून दिसणाऱ्या रंगाचे सुती अ‍ॅप्रन द्या, भगवा किंवा गुलाबी. तो रंग कागदावर दिसला की कोणाचा ते कळतं. पंखा बंद ठेवायचा. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करायला सांगणारा माणूस कोणाला आवडत नाही, पण काम सकाळी सातला सुरू करा, दुसरा इलाज नाही. शिवाय खात्रीची चाचणी: बाटलीचे, पिशवीचे, जाळीचे मोजून पन्नास-पन्नास बारीक तुकडे आधी स्वच्छ केलेल्या काळ्या मातीत मिसळायचे आणि किती परत मिळतात ते बघायचं.

आकडा लिहिताना एकक सांभाळा. केरळच्या वेंबनाड तलावाच्या गाळाचा २०१७ मधला अभ्यास दर चौरस मीटरला सरासरी सुमारे २५३ कण सांगतो. मंगोलियाच्या दुर्गम होव्सगोल तलावाच्या पृष्ठभागावर २०१४ च्या अभ्यासात दर चौरस किलोमीटरला सुमारे वीस हजार कण निघाले. तुमचा आकडा दर किलो सुक्या गाळाला असेल. हे तिन्ही एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडून "उजनी अमक्याच्या इतक्या पट" असं काढू नका. वर्तमानपत्राला ते हवं असतं, म्हणून आधीच सांगतो. कोणत्या जाळीवर मोजलं आणि सगळ्यात लहान किती मायक्रॉनचा कण धरला, हे आकड्याच्या शेजारीच लिहा.

भावाचं बघू. २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत गाळ शेतात जातोय आणि हलक्या जमिनीला त्याचा फायदा आहे. पाणी धरून ठेवणारी चिकणमाती फुकट मिळते. प्लास्टिकच्या भीतीने तो बंद करा असं मी सांगणार नाही. पण गाळ कुठला उचलायचा यात फरक आहे. ओढ्याच्या किंवा गटाराच्या तोंडचा गाळ नको. तिथे प्लास्टिकबरोबर जड धातूही बसतात, आणि शहराजवळच्या तलावात मला त्यांची काळजी जास्त वाटते. तलावाच्या पोटातला, वस्तीपासून लांबचा घ्यावा. डंपर रिकामा झाल्यावर दिसणाऱ्या पिशव्या, दोऱ्या, चपला त्याच दिवशी वेचाव्यात, कारण पुढच्या पाच-दहा वर्षांत त्यांचेच बारीक तुकडे होतात. आणि भावाला हेही विचारा की कलिंगडाला किंवा टोमॅटोला अंथरलेला मल्चिंग पेपर (नावाने पेपर, असतो प्लास्टिकचा) हंगाम संपल्यावर कुठे जातो. रोटाव्हेटरखाली फाडून मातीत मिसळला असेल, तर त्याच्या शेतातलं प्लास्टिक तलावाने दिलेलं नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर उन्हात पडून ठिसूळ होतात, त्याही त्याच खात्यात.

नळाचं की जारचं? नळाचं प्या. तुरटी, निवळण आणि वाळूची गाळणी या साध्या प्रक्रियेत पाण्यातले बहुतेक कण थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटलं आहे की १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी. त्याहून बारीक कणांबद्दल पुरावा अपुरा आहे, आणि पाण्यातल्या रोगजंतूंचा धोका आजही सगळ्यात वर आहे. जार तरी प्लास्टिकचाच. २०१८ मध्ये नऊ देशांतल्या, भारतासह, २५९ बाटल्या तपासल्या तेव्हा ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे कण निघाले. तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात खरी अडचण साठवणुकीची आहे. पिण्याचं पाणी स्टीलच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवा, गच्चीवरच्या उन्हात तापणाऱ्या टाकीतलं पिऊ नका, आणि शंका असेल तर उकळा, ते जंतूंसाठी.

मुलांना चिलापीच्या, म्हणजे तिलापिया माशाच्या, पोटात बघायचं आहे असं तुम्ही शेवटी जोडलं होतं. बघू द्या, व्हिक्टोरिया सरोवरात तिलापियाच्या जातीत आणि नाइल पर्चमध्ये साधारण पाचातल्या एका माशाच्या आतड्यात प्लास्टिक सापडलं होतं. पण आपल्याकडे चिलापी साफ करताना आतडं फेकलं जातं, त्यामुळे खाणाऱ्यांपर्यंत काय पोचतं हे त्यावरून ठरत नाही. अख्खी खाल्ली जाणारी सुकी बारीक मासळी तपासली तर ते जास्त उपयोगी.

सुरुवात हिप्परग्यापासून करा, जवळ आहे. एक बरणी गाळ आणा, त्यावर पद्धत बसवा, मिसळलेल्या पन्नास तुकड्यांतले निदान चाळीस परत मिळायला लागले की उजनीला जा. होडीसाठी भिगवण किंवा कुंभारगावच्या मच्छीमारांशी आधीच बोलून ठेवा. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा सकाळची होडी मिळणं अवघड. त्यांच्याकडून वापरातल्या जाळीचा एक तुकडा मागून घ्या, ओळखायला नमुना म्हणून लागेल. होडीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच, आणि त्याचा रंग नमुन्याच्या वहीत लिहून ठेवायचा.